चेंबरलेनचे ५० पॉइंट आणि आमच्या काकांची बिलं



माझं दुकान स्पोर्ट्सच्या सामानाचं, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यामुळे संध्याकाळी काउंटरवर बिलं कमी आणि वाद जास्त. मागच्या आठवड्यात कॉलेजची दोन पोरं बास्केटबॉल घ्यायला आली आणि शाळेत कोचिंग करणाऱ्या एका सरांशी त्यांची जुंपली. विषय जुनाच. एनबीएमधला सगळ्यात भारी प्लेयर कोण? पोरं म्हणाली, लेब्रॉन. ७ फेब्रुवारी २०२३ ला त्यानं करीम अब्दुल-जब्बारचा ३८,३८७ पॉइंटचा रेकॉर्ड मोडला, विषय संपला. सर म्हणाले, "आकडे मला दाखवू नका. मी जॉर्डनला खेळताना बघितलंय."

मी मध्ये पडलो नाही. दोन्ही पार्ट्या माझे कस्टमर. पण मला विचाराल तर दोघंही अर्धंच बघत होते. आणि तुम्ही धंदा सुरू करणार असाल तर हा वाद तुमच्याही कामाचा आहे.

आधी आकडेवाले घेऊ. १९६१-६२ च्या सीझनमध्ये विल्ट चेंबरलेननं मॅचमागे सरासरी ५०.४ पॉइंट केले आणि २५.७ रिबाउंड घेतले. मॅच ४८ मिनिटांची आणि हा सरासरी ४८.५ मिनिटं खेळला, कारण ओव्हरटाइममध्येही बाहेर बसायचा नाही! नुसता आकडा बघितला तर त्याच्यापुढे आजचा कुणीच टिकत नाही. पण जरा त्या काळाचं मार्केट बघा. लीगमध्ये टीम फक्त ९, आज ३० आहेत. तेव्हा एक टीम मॅचमध्ये शंभराहून जास्त शॉट मारायची, आज नव्वदच्या आसपास. शिवाय तेव्हा जास्त शॉट चुकायचे, आणि शॉट चुकला की रिबाउंड मिळतो. म्हणजे रिबाउंडचा मालच बाजारात जास्त होता.

त्याच सीझनमध्ये ऑस्कर रॉबर्टसननं सरासरी ट्रिपल-डबल केलं: ३०.८ पॉइंट, १२.५ रिबाउंड, ११.४ असिस्ट. २०१६-१७ मध्ये रसेल वेस्टब्रुकनं ३१.६, १०.७ आणि १०.४ केलं. कागदावर जवळपास सारखंच. पण रॉबर्टसन मॅचमागे ४४.३ मिनिटं कोर्टवर होता, वेस्टब्रुक ३४.६. आता कोण भारी? भागाकार केल्याशिवाय बोलू नका.

तुमच्या दुकानाचंही तेच आहे. २०२३ ची दिवाळी नोव्हेंबरमध्ये होती, २०२५ ची ऑक्टोबरमध्ये. दोन्ही वर्षांचा ऑक्टोबरचा गल्ला शेजारी ठेवून "सेल वाढला" म्हणत पेढे वाटलेला एक जण मला माहीत आहे. (तो मीच.)

मग डोळ्यावर भरवसा ठेवायचा का? तिथेही गडबड आहे. १९९८ च्या फायनलची सहावी मॅच, युटा जॅझविरुद्ध. जॉर्डनचा शेवटचा शॉट, शिकागो ८७-८६ नं जिंकलं आणि सहावं विजेतेपद. सर तो शॉट हात वर करून दाखवतात, मनगटाच्या झटक्यासकट. पण त्या रात्री जॉर्डननं ३५ शॉट मारले आणि त्यातले २० चुकले, हे त्यांच्या लक्षात नव्हतं. माझ्याही नव्हतं, शोधल्यावर कळलं. डोळा शेवटचा शॉट साठवून ठेवतो आणि आधीचे वीस विसरतो. आपल्याला नाही का तो एक मोठी ऑर्डर देऊन गेलेला पार्टीवाला वर्षभर आठवत राहतो?

आता माझा मुद्दा. ज्या १९६१-६२ मध्ये चेंबरलेननं ५० ची सरासरी ठेवली, त्या वर्षीचा एमव्हीपी तो नव्हताच. बिल रसेल होता. आणि तेव्हा मतदान पत्रकार नाही, प्लेयर करायचे. म्हणजे जे रोज त्यांच्यासमोर उभे राहत होते, त्यांनी सरासरी १८.९ पॉइंट करणाऱ्याला निवडलं. रसेलचं खरं काम समोरच्याचा शॉट अडवणं हे होतं. एनबीएनं ब्लॉक मोजायला सुरुवात केली १९७३-७४ पासून आणि रसेल १९६९ लाच निवृत्त झाला होता. १३ सीझनमध्ये ११ विजेतेपदं, आणि त्याच्या सगळ्यात मोठ्या कामाचा अधिकृत आकडा? नाहीच.

मोजलं नाही आणि घडलं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीबीए करूनही मला हे कळायला फार वेळ लागला.

माझ्याकडे एक काका होते, वडिलांच्या वेळेपासूनचे. बिलिंग सॉफ्टवेअर घेतल्यावर मी पहिल्यांदा माणसागणिक सेल काढला. नवीन पोरगा सगळ्यात वर, काका सगळ्यात खाली. रिपोर्ट रंगीत होता, माझी खात्री पटली. मी त्यांना काउंटरवरून काढून गोडाउनला बसवलं. ते काही बोलले नाहीत. दोन महिन्यांनी काम सोडून गेले.

नंतर हळूहळू दिसायला लागलं. रॅकेटच्या गटिंगला येणारी माणसं कमी झाली. परत आलेला माल वाढला, कारण कुठल्या पोराला कोणत्या वजनाची बॅट झेपेल हे काका हातात देऊन बघायचे आणि मग बिल करायला नव्या पोराकडे पाठवायचे. बिलावर नाव त्याचं यायचं. शाळांचे सर आत येऊन आधी "काका कुठायत?" विचारायचे. यातल्या एकाही गोष्टीचा रकाना माझ्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हता.

आता कुणाचा रिपोर्ट काढण्याआधी मी तीन दिवस वही घेऊन काउंटरच्या बाजूला बसतो. डोळ्याला दिसेल ते तिथल्या तिथे लिहितो, कारण नंतर मला फक्त शेवटचा शॉटच आठवणार. मग आकडे उघडतो. जिथे वही आणि आकडे जुळत नाहीत, तिथे आधी हे विचारतो की आपण इथे काय मोजतच नाहीये?

काकांना मी फोन केला होता. तोवर ते दुसऱ्या दुकानात लागले होते. माझ्याकडे येणाऱ्या चांगल्या रॅकेट मी आता गटिंगला त्यांच्याकडेच पाठवतो, दर रॅकेटमागे पैसे मोजून. तो खर्च मात्र सॉफ्टवेअरमध्ये बरोबर दिसतो.