उंचीच्या पुढचं

पंजाबातल्या बल्लो के गावचा शेतकऱ्याचा पोरगा सतनामसिंग भामरा लुधियानाच्या बास्केटबॉल अकादमीत घडला, २०१० साली शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाला गेला आणि २०१५मध्ये अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्स संघाने त्याला ५२व्या क्रमांकावर निवडलं. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, निवडला गेलेला तो पहिला भारतीय! पण एनबीएच्या मुख्य मोसमातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्याच्यासारखी सात फुटांवरची उंची उपजत असते. टाच न अडखळता घेतलेला पिव्होट (एका पायावरची गिरकी), पास हाती येण्याआधीच बचावपटूकडे गेलेली नजर, हे मात्र कोवळ्या वयात भरपूर सामने खेळूनच अंगात मुरतं. पण आपल्या शालेय स्पर्धा बहुतांशी बाद पद्धतीच्या. एक सामना हरला की संघ घरी. क्रीडा खात्याने तालुक्या-तालुक्यात साखळी सामने भरवावेत, यंदापासूनच.