‘लोड आला’ हे कारण नव्हे

4 जानेवारी 2021. नाताळ आणि नववर्षाच्या सुट्टीनंतरचा पहिला सोमवार. अमेरिकेतल्या नोकरदारांनी सकाळी कॉम्प्युटर उघडले आणि सहकाऱ्यांशी बोलण्यासाठी ‘स्लॅक’ सुरू केले. ही चॅट सेवा आधी रखडली आणि थोड्याच वेळात बंद पडली. गर्दी झाली म्हणून सेवा कोसळली, एवढ्यावर हा विषय संपवता आला असता. स्लॅकच्या इंजिनिअरांनी तसे केले नाही. नेमके काय घडले याचा तपशीलवार वृत्तांत त्यांनी नंतर स्वतः प्रसिद्ध केला. तो वाचला की अशा बिघाडाचा शोध किती चिवटपणे घ्यावा लागतो, हे कळते.

सुट्टीत वापर कमी होता. सोमवारी सगळे एकदम परतले आणि त्यांच्याकडची जुनी साठवलेली माहिती शिळी झालेली असल्याने प्रत्येकाच्या अॅपने नेहमीपेक्षा जास्त माहिती मागितली. अॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये स्लॅकची वेगवेगळी नेटवर्क जोडणारी यंत्रणा या रहदारीबरोबर आपोआप वाढायला हवी होती. ती वेळेत वाढली नाही. त्यामुळे सर्व्हर उत्तराची वाट पाहत ताटकळले आणि त्यांचे प्रोसेसर रिकामे दिसू लागले. ते पाहून स्वयंचलित व्यवस्थेने काम कमी आहे असे मानले आणि ऐन गर्दीत सर्व्हर कमी केले! मग खोळंबलेल्या विनंत्यांचा ढीग साचला, तेव्हा तिने उलट धोरण घेतले. सकाळी 7:01 ते 7:15 या चौदा मिनिटांत 1,200 सर्व्हर वाढवण्याचा प्रयत्न झाला. पण नवे सर्व्हर सज्ज करणारी यंत्रणाच अडली. एका वेळी किती फाइल उघड्या ठेवता येतात याची लिनक्समधली मर्यादा तिने गाठली होती. अॅमेझॉनने ठरवून दिलेला एक कोटाही ओलांडला गेला होता. भरीला, बिघाड शोधण्यासाठी लागणारे डॅशबोर्डही त्याच नेटवर्कच्या अडचणीत सापडले होते.

उघड्या फाइलींचा चॅटशी काय संबंध? बातम्यांची वेबसाइट वाचकाला पान देते आणि बहुधा थोड्याच वेळात मोकळी होते. चॅटमध्ये मात्र संदेश कधीही येऊ शकतो, म्हणून प्रत्येक माणसाचे कनेक्शन चालूच ठेवावे लागते. फोन उचलून कानाशी धरून ठेवावा तसे. लिनक्स असे प्रत्येक कनेक्शन एक उघडी फाइल म्हणून मोजते, आणि एका प्रोग्रॅमसाठी ही मर्यादा अनेक ठिकाणी मुळात 1,024 असते. कोणी ती बदलली नसेल तर महागड्या मशिनवरचा चॅट सर्व्हरही हजारभर माणसांतच नवी कनेक्शन नाकारू लागतो. लॉगमध्ये ‘टू मेनी ओपन फाइल्स’ ही ओळ दिसते. हा आकडा वाढवणे सोपे आहे. पण तेवढ्याने भागतेच असे नाही. प्रत्येक कनेक्शन थोडी मेमरी खाते, आणि ती संपत आली की लिनक्स स्वतःच एखादा प्रोग्रॅम बंद पाडते. मोठा चॅट सर्व्हर त्यात पहिला सापडू शकतो. कधी दोष याहून साधा असतो: माणूस निघून जातो, पण प्रोग्रॅम त्याचे कनेक्शन बंद करत नाही. म्हणून उघडी कनेक्शन किती आणि प्रत्यक्ष हजर माणसे किती, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहणे हा पहिला तपास असायला हवा.

नुसते सर्व्हर वाढवणे हा तर हमखास उपाय मुळीच नाही. 25 नोव्हेंबर 2020 रोजी अॅमेझॉनची ‘किनेसिस’ ही सेवा कोसळली, ती क्षमता वाढवल्यामुळे. तिथला दर्शनी फळीतला प्रत्येक सर्व्हर त्याच फळीतल्या इतर प्रत्येक सर्व्हरसाठी एक थ्रेड, म्हणजे कामाचा स्वतंत्र धागा, उघडत असे. थोडे सर्व्हर वाढले आणि साऱ्याच सर्व्हरवर थ्रेडची संख्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मर्यादेबाहेर गेली. मूळ कारण सापडायला काही तास लागले.

दुरुस्तीनंतरचा क्षणही धोक्याचा असतो. सर्व्हर उठताच तुटलेले सगळे लोक एकाच वेळी पुन्हा जोडायला धावतात आणि तो परत आडवा होतो. यावर जुना, सिद्ध उपाय आहे: अॅपने प्रत्येक अपयशानंतर थांबण्याचा काळ वाढवायचा, आणि तो सगळ्यांचा सारखा राहू नये म्हणून त्यात यादृच्छिक फरक ठेवायचा.

मर्यादा नेमकी शोधली तर ती सरकवताही येते. एका मशिनवर दहा हजार कनेक्शन कशी सांभाळायची, हा प्रश्न प्रोग्रॅमर डॅन केगेल यांनी 1999 मध्ये मांडला होता. जानेवारी 2012 मध्ये व्हॉट्सअॅपने एका सर्व्हरवर 20 लाख कनेक्शन सांभाळल्याचे जाहीर केले. हाताशी होती एर्लांग भाषा, फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि 24 लॉजिकल प्रोसेसरचे मशिन. मोजायचे, अडलेली जागा शोधायची, ती मोकळी करायची आणि पुन्हा मोजायचे, हीच व्हॉट्सअॅपच्या इंजिनिअरांची रीत होती. त्यामुळे गर्दी हेच कारण सांगणाऱ्याने तपास अर्धवट सोडला आहे, असेच म्हणावे लागते.

महाराष्ट्राला हे लागू पडते. 16 जुलै 2021 रोजी दहावीचा निकाल दुपारी एकला जाहीर झाला आणि संकेतस्थळ कोलमडले. मुले आणि पालक कित्येक तास पडद्याकडे पाहत बसले. त्याच महिन्यात अकरावी प्रवेशाच्या सीईटीचे संकेतस्थळही बंद ठेवावे लागले. निकालाचे संकेतस्थळ आणि चॅट सर्व्हर यांची रचना वेगळी असते, पण इथे तर गर्दीची तारीख आणि वेळ सरकारनेच ठरवलेली असते. किती मुले येणार तेही आधीच माहीत असते. म्हणून शिक्षण मंडळाने निकालाआधी तेवढ्या गर्दीची चाचणी घेऊन तिचे आकडे जाहीर करावेत, आणि संकेतस्थळ तरीही पडले तर कोणती मर्यादा, कुठे आणि का ओलांडली गेली याचा वृत्तांत पंधरा दिवसांत मराठीत लोकांपुढे ठेवावा.