हॉलमध्ये समुद्र हवाय?

हजार लिटरचा रीफ टँक! ऐकायला झक्कास. पण बॉस, नुसतं पाणीच एक टन. टँक दोन मीटर लांब, पाऊण मीटर रुंद धरला तर चौरस मीटरला साडेसहाशे किलोंच्या वर. काच आणि दगड वेगळे. फ्लॅटचा स्लॅब साधारण 200 किलोंच्या हिशेबाने बांधलेला असतो. तेव्हा आधी इंजिनिअर गाठा, मग दुकान.

मीठ लिटरला 35 ग्रॅम, म्हणजे पहिल्याच भरणीला 35 किलो. मग लगेच मासे? छे! अमोनिया पचवणारे जिवाणू जमायला महिना-दीड महिना लागतो. पाणी 25-26 अंशांवर ठेवायला मे महिन्यात चिलर हवाच. रात्री लाइट गेली, पंप थांबला आणि बॅकअप नसला, तर सकाळी हाती फक्त वास.

आणि प्रवाळ? रीफ बांधणारे कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत, थेट वाघाच्या पंगतीला. ‘गुपचूप आणून देतो’ म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. सिरॅमिकचा खडक आणि टँकमध्येच पैदास झालेली क्लाउनफिशची जोडी. एवढा समुद्र सांभाळलात, तरी खूप झालं!