लोअर परळच्या चाळीतला लांब मिशांचा भुंगा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी माझे मुंबईला जाणे झाले. लोअर परळला ना. म. जोशी मार्गाच्या बाजूला माझ्या मावसभावाची खोली आहे. त्याचे वडील गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर गिरणी सुटली, पण खोली राहिली. गावी देवगडकडे धाकट्या भावाकडे हापूसची चाळीस झाडे आहेत. या घरचा एक पाय चाळीत आणि एक बागेत, असे वर्षानुवर्षे चालले आहे.

मी उंबऱ्यात पाय ठेवतो न ठेवतो तोच वहिनींनी काचेची बरणी पुढे केली. "भावोजी, ह्यो बघा किडो, पलंगातसून भायर पडलो!" बरणीत बोटाच्या दोन पेरांएवढा तपकिरी भुंगा होता, आणि मिशा अंगापेक्षा लांब. पलंग आंब्याच्या फळ्यांचा. गावी रायवळ आंबा वादळात पडला, तेव्हा सासऱ्यांनी त्याच्या फळ्या काढून मुंबईला धाडल्या होत्या. त्याला सात वर्षे झाली. सासरे आता नाहीत, त्यामुळे त्या पलंगावर घरातल्यांचा जीव.

त्याच आठवड्यात गावाहून धाकट्याचा फोन आला होता. दोन हापूसच्या बुंध्याशी भुसा पडतोय, एक फांदी पिवळी पडली, म्हणजे भिरूड लागली. झाले! दोन्ही गोष्टी जोडून घरात तर्क उभा राहिला, की पलंगातला किडा तोच बागेतला. बाग गेली, पलंगही गेला. पुतण्या गावाहून धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या घेऊन आला होता. रात्री पलंगाखाली चार गोळ्या ठेवून खोली बंद करायची, असा त्याचा बेत होता.

त्या गोळ्या आधी माझ्या हवाली करायला लावल्या. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या या गोळ्या हवेतल्या ओलाव्याने फॉस्फीन नावाचा वायू सोडतात. बंद खोलीत तो माणसाला मारतो आणि भिंतीच्या फटीतून शेजारच्या बिऱ्हाडातही शिरतो. त्याला उतारा नाही. दहा बाय बाराच्या खोल्या एकीला एक चिकटलेल्या, तिथे हा प्रयोग म्हणजे अख्ख्या मजल्याच्या जिवाशी खेळ. गावातही धान्याची कणगी माणसे झोपतात त्या खोलीत असेल तर या गोळ्या वापरू नका.

मग किडा ओळखायला बसलो. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांचे कूळ मोठे, जगात त्याच्या पस्तीस हजारांच्या आसपास जाती सांगतात. आपल्या देशातल्या जातींचे वर्णन चार्ल्स गहान यांनी 1906 साली ब्रिटिश इंडियाच्या प्राणिसृष्टीच्या ग्रंथमालेत केले, ते पुस्तक जाणकार अजूनही उघडतात. घरच्या घरी मात्र भिंग आणि दिवसाचा उजेड पुरतो. या कुळाची खूण डोळ्यात असते. बहुतेकांचा डोळा वाटाण्यासारखा गोल नसून काजूगरासारखा आत वळलेला असतो, आणि मिशी त्या खाचेजवळून फुटते. हातात धरला तर पुष्कळदा मानेकडून कुरकुर आवाज काढतो. पोरांना त्याची मोठी गंमत वाटते.

दोन दिवसांनी धाकट्या भावाने एस.टी.ने येणाऱ्या गावकऱ्याबरोबर बागेतला भुंगा काड्यापेटीत घालून पाठवला. दोघे शेजारी ठेवले आणि वहिनींनीच आधी म्हटले, "हे भाऊ भाऊ दिसणत नाय."

बागेतला भुंगा राखी-तपकिरी, चांगला दोन इंच लांब. मानेच्या पाठीवर दोन नारिंगी डाग, पंखांच्या कवचावर पिवळसर ठिपके, खांद्यावर एकेक टोकदार काटा, आणि खांद्याजवळ काळे चकचकीत दाणे, जणू मोहरी चिकटवली आहे. अंगाच्या दोन्ही कडांना पांढरा पट्टा. तोंड बकरीसारखे सरळ खाली. हीच आंब्याची भिरूड, शास्त्रातले नाव बॅटोसेरा रूफोमॅक्युलाटा. मेलेल्या नमुन्यात नारिंगी रंग फिका पडत जातो, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नये. हिची एक जवळची बहीण बॅटोसेरा रूबस, तीही आंब्यावर येते. त्या दोघींतला भेद तज्ज्ञाने करावा, उपाय तोच.

चाळीतला भुंगा मात्र एकरंगी. ना डाग, ना खांद्यावर काटा, आणि तोंड पुढे झुकलेले. हा स्ट्रोमेशियम बार्बेटम, सुक्या लाकडाचा किडा. त्याची अळी शेकडो जातींच्या लाकडांत वाढते. देहरादूनचे वनकीटकतज्ज्ञ बीसन यांचा 1941 चा ग्रंथ याविषयी वाचण्यासारखा आहे. ही अळी लाकूड आतून पीठ करते, पण ते पीठ बोगद्यातच ठासून ठेवते. वरचा पापुद्रा शाबूत, म्हणून वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही. पावसाळ्याच्या सुमाराला भुंगा लंबगोल भोक पाडून बाहेर येतो, तेव्हा घरच्यांना कळते.

भिरूडीच्या अळीला रसदार, ओले लाकूड हवे. सात वर्षे वाळलेल्या फळीत ती जगत नाही. लाकूड आंब्याचे म्हणून किडा आंब्याचा, हा तर्क तिथेच पडला. पलंगाचा किडा बागेच्या जित्या हापूसवर जाणार नव्हता, आणि बागेतला पलंगात शिरणार नव्हता.

पलंगाच्या फळ्या ठोकून पाहिल्या. दोनच पोकळ वाजल्या, त्याही साल राहिलेल्या कडेच्या. सुताराने त्या बदलल्या. उरलेल्या फटी लांबीने बुजवून वार्निश दिले, कारण मादी अंडी फटीत घालते. आंब्याच्या फळ्या पाडताना साल आणि तिच्या लगतचे पांढरे लाकूड काढून टाकले असते तर इतकेही झाले नसते.

बागेत धाकट्याने साल किंचित खरवडून भोके मोकळी केली, लवचीक तारेचा आकडा घालून अळ्या ओढल्या. एक अळी तर करंगळीहून लांब निघाली, पांढरी, बिनपायाची. मग भोके चिखलाने लिंपली. पूर्वी भोकात डायक्लोरव्हॉस सोडायला सांगत, पण त्याचा वापर 2020 अखेर आपल्या देशात बंद झाला. हल्ली कोणते औषध चालते ते दापोलीच्या कृषी विद्यापीठाला किंवा वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राला विचारावे. त्याहून मोठे काम म्हणजे वाळलेल्या फांद्या आणि तोडलेले ओंडके पावसाळ्यापूर्वी बागेबाहेर काढणे. भिरूडीची मादी दुबळे आणि जखमी झाड शोधते. तिची वर्षाला एकच पिढी होते, तेव्हा एका मादीचा बंदोबस्त झाला तर पुढच्या वर्षीचा पुष्कळ त्रास वाचतो.

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागाईतदारांनी हे विशेष वाचावे. हाच सुक्या लाकडाचा स्ट्रोमेशियम तुमच्या जुन्या वेलींच्या खोडातही शिरतो, आणि तिथेही भुसा बाहेर दिसत नाही. वेलीच्या बुंध्याशी भुश्याचा ढीग दिसला तर तो बहुधा दुसरा, बाभळीवरचा सेलोस्टर्ना. सुक्या खोडाची साल काढून पाहिल्याशिवाय पहिला सापडत नाही.

जाता जाता आणखी एक गोष्ट. आपली ही भिरूड वेस्ट इंडीजच्या बेटांवरही पोहोचली आहे. तिथे आंबा मूळचा नव्हे. 1782 साली रॉड्नीच्या ताफ्यातल्या इंग्रजांनी एक फ्रेंच जहाज पकडले, त्यातली आंब्याची रोपे जमैकात लावली गेली. झाडामागून कधीतरी त्याचा किडाही त्या बाजूला गेला. इस्रायलमध्ये तर तिने अंजिराच्या बागांना मोठा उपद्रव दिला. तिथल्या बेटावर कोणी लांब मिशांचे भुंगे गोळा करायला बसला, तर त्याच्या डबीत देशी भुंग्यांत एखादा देवगडचा पाहुणा निघायचा.

परवा वहिनींचा फोन आला. यंदा पलंगातून काही निघाले नाही. चाळीच्या जागी टॉवर व्हायचा आहे, त्या नव्या खोलीत पलंग मावेल का, याची त्यांना आता काळजी आहे. मी लांबी-रुंदी मोजून ठेवायला सांगितले आहे.