मुंबईचा बस्ता

तुळशीचे लग्न लागले, सोयाबीन विकून झाले, कापसाच्या पहिल्या वेचणीचे पैसे हाती आले, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील आमच्या सुलतानपुरात ज्यांच्या घरी कार्य निघाले आहे अशी मंडळी एक प्रश्न हमखास घेऊन येतात, आणि तो असा की, यंदा बस्ता फाडायला मुंबईस जायचे ठरले आहे, तर तिथे नेमके जावे कोठे? पूर्वी हा प्रश्नच उद्भवत नसे. किरकोळ खरेदी मेहकरास, भारी खरेदी जालन्यास, आणि घर सधन असले तर खामगाव किंवा अकोला, अशी वहिवाट पडलेली होती. परंतु जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा खुला होऊन नागपुराहून भिवंडीपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला, आणि सकाळी मेहकराजवळ त्यावर चढलेली गाडी दिवस मावळण्याच्या आत मुंबईत पोहोचू लागली. जालन्याहून सुटणारी रेल्वे तर आधीपासून होतीच. त्यामुळे जी मुंबई आमच्या वाडवडिलांनी जन्मात एकदा पाहावी, ती आता लग्नसराईतील नेहमीची पेठ होऊन बसली आहे.

प्रश्न साधा दिसला तरी त्यात एका कुटुंबाच्या वर्षभराच्या पिकाचा हिशेब गुंतलेला असतो, म्हणून त्याचे उत्तर मी आडपडदा न ठेवता देतो. मुंबईत खरेदी तेथे करावी, जेथे कापडाला हात लावता येतो, धागा ओढून पाहता येतो, भाव विचारता येतो, आणि विचारलेल्याचे उत्तर देणारा मालक गादीवर समोर बसलेला असतो. ज्या दुकानात पाऊल टाकताच आपला आवाज आपोआप खाली येतो आणि भाव विचारण्याची लाज वाटू लागते, त्या दुकानातून, ते कितीही नामांकित असले तरी, कुणब्याच्या घरचा बस्ता निघू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

ही लाज का वाटते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्याकडचा माणूस खामगावच्या बाजारात कापसाच्या भावावरून तासभर हुज्जत घालतो, पण तोच मुंबईच्या काचेच्या दारात उभा राहिला की परक्याच्या वाड्यात शिरल्यासारखा अवघडून जातो. त्या शहराचे वैभव दुसऱ्या कोणाचे असून आपण तेथे केवळ पाहुणे आहोत, अशी त्याची समजूत झालेली असते, आणि ती समजूत इतिहासाला धरून नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटून तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि आमच्या वऱ्हाडाकडे साऱ्या व्यापारी जगाचे लक्ष गेले. कापसासाठीच १८७० साली जलंबहून खामगावापर्यंत रेल्वेचा फाटा काढण्यात आला. वऱ्हाडातून आणि गुजराथेतून मुंबई बंदराकडे वाहत गेलेल्या कापसाच्या पैशावर त्या शहराच्या पेढ्या उभ्या राहिल्या, इमारती उठल्या आणि पुढे गिरण्यांची धुरांडीही चढली. हार्बर मार्गावर कॉटन ग्रीन नावाचे स्थानक आहे. गावाकडचा कोणी त्या बाजूला गेला तर त्याने ती पाटी क्षणभर थांबून वाचावी, कारण तिच्यात त्याच्या पणजोबाच्या बैलगाडीचाही वाटा आहे.

त्या गिरण्यांचे पुढे काय झाले, हे सर्वांस ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही, आणि १९०५ साली स्थापन झालेल्या लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेवर आज मुंबईतील अत्यंत उंची दुकाने थाटलेली आहेत. जेथे आमच्या कापसाचे सूत निघत होते तेथे आता तयार सदरे विकले जातात, आणि अशा ठिकाणी परदेशी नाममुद्रेचा एक सदरा चार-पाच हजारांस सहज पडतो. आता आपल्या शेताचा हिशेब मांडून पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला आहे. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये घातला की सरकी वजा जाता सुमारे चौतीस किलो रुई हाती येते, सूतगिरणीतील घट सोडली तरी तेवढ्या रुईत शंभर सदऱ्यांचे कापड व्हावे, आणि त्या शंभर सदऱ्यांच्या कच्च्या मालाचे जे दाम शेतकऱ्यास मिळाले, त्यात त्याला त्या दुकानातून जेमतेम दोन सदरे घेता येतात. मधल्या माणसांचे श्रम, शिवण, वाहतूक, कर, हे सारे मी मान्य करतो. परंतु त्यापलीकडे उरणारी फार मोठी रक्कम जागेच्या भाड्याची, काचेची, गारव्याची आणि नावाची असते, आणि ती आपण आपल्या कपाशीतून का भरावी, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही.

भाव उघडपणे विचारण्याचा प्रश्न आमच्या मुलखाला तर फारच जिव्हाळ्याचा आहे. जुन्या काळी कापसाच्या आणि धान्याच्या बाजारात हत्त्याची पद्धत होती. अडत्या आणि खरेदीदार एका रुमालाखाली हात घालीत, बोटांच्या दाबाने आकडे सांगत, आणि भाव ठरला की हात बाहेर येत. ज्याचा माल तो शेतकरी गाडीच्या जुवाला हात टेकून तेथेच उभा असे, परंतु रुमालाखाली त्याच्या वर्षाचे काय झाले हे त्याला शेवटी कळे, आणि तेही अडत्या सांगेल तेवढेच. हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली कारंजा येथे, म्हणजे आमच्या वऱ्हाडातच भरला, आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा होऊन अडत्यांना व मापाऱ्यांना परवाने, बाजारावर समिती, असा बंदोबस्त झाला. उघड्या भावाचा आणि खऱ्या मापाचा आग्रह ज्या मुलखात कायद्याच्या रूपाने प्रथम उतरला, त्या मुलखातील माणसाने मुंबईच्या दुकानात किमतीची चिठ्ठी उलटून पाहण्यास संकोचावे, हे मला फार लागते.

म्हणून मी लोकांना आधी क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूस पाठवितो. १८६९ साली पूर्ण झालेल्या त्या इमारतीस आता महात्मा जोतिबा फुले मंडई हे नाव आहे, आणि ज्या पुरुषाने ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला त्याचे नाव मुंबईच्या सर्वांत प्रसिद्ध बाजारावर असावे, ही गोष्ट मला नुसती शोभेची वाटत नाही. तेथून हाकेच्या अंतरावर मंगलदास मार्केट आहे, आणि थोडे पुढे काळबादेवीच्या बाजूस मूळजी जेठा मार्केट. मंगलदासमध्ये शिरले की अरुंद बोळाच्या दोन्ही अंगांना गाद्या घातलेल्या असतात, आणि दुकानदार ताका असा झटक्यात उलगडतो की दोन-तीन मीटर कापड गादीच्या कडेवरून आपल्या गुडघ्यावर येऊन पडते. येथे घाई करू नये. कापड दोन बोटांत धरून चांगले चोळावे. खळ भरून आणलेला ताठपणा असेल तर पांढरी पूड बोटांना लागते आणि पोत लगेच मऊ पडतो. ते उजेडाकडे धरून विणीची दाटी पाहावी, पन्हा किती आहे ते मोजून घ्यावे, कारण पन्ह्यावर सदऱ्याचे कापड अर्धा मीटर कमी-जास्त होते. सुती म्हणून सांगितले असेल तर कडेचा एक धागा ओढून मागावा व तो काडीवर धरावा. सुताचा धागा कागदासारखा जळून त्याची मऊ राख होते, आणि त्यात पॉलिएस्टर असेल तर टोकाला कडक, काळा मणी उरतो. मी हे एका दुकानात प्रथम केले तेव्हा दुकानदार रागावेल असे वाटले होते, परंतु त्या वृद्ध गृहस्थाने स्वतःच काडी ओढून दिली, आणि धागा जळून विझेपर्यंत काही न बोलता माझ्याकडे पाहत राहिला. त्या दुकानातून मी पुढे घरातील तीन लग्नांचे कापड नेले.

बाकीच्या खरेदीबद्दल थोडक्यात सांगतो. रोजच्या नेसण्याच्या व आहेराच्या साड्यांसाठी दादर बरे, कारण तेथे मराठीत बोलता येते आणि आपल्याकडच्या बायांना काय खपते हे दुकानदार जाणतो. तांब्यापितळेच्या भांड्यांस पायधुणीजवळचा तांबा काटा, बांगड्या आणि पूजेच्या साहित्यास भुलेश्वर. पोराबाळांसाठी दादरहून दोन मराठी पुस्तके आणायला मात्र विसरू नये. सोने मुंबईस घेऊ नये, कारण दागिना पुढे मोडण्याचा, बदलण्याचा वा दुरुस्तीचा प्रसंग आला की आपला माणूस आपल्या तालुक्यातच हवा. ते कोठेही घेतले तरी त्यावर मानक ब्युरोची मुद्रा, शुद्धतेचा अंक आणि सहा अक्षरांकांचा एचयूआयडी क्रमांक आहे याची खातरजमा करावी, आणि तो क्रमांक बीआयएस केअर या ॲपवर तपासता येतो हेही ध्यानात ठेवावे. चांदीसाठी तर साऱ्या महाराष्ट्रातून लोक खामगावास येतात. आपण तेथून उलट्या दिशेस जाण्यात काय अर्थ आहे?

नव्या मॉलच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तेथे स्त्रियांना स्वच्छ प्रसाधनगृह मिळते, वृद्ध माणसाला टेकायला बाक मिळतो, तान्ह्या मुलाला घेऊन आलेल्या आईला सावली मिळते. जुन्या बाजारांत दिवसभर बस्त्यासाठी फिरणाऱ्या आमच्या बायाबापड्या पाणी पिणे टाळतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्याचे कारण सांगण्याची गरज नाही. लाखो लोकांच्या लग्नांचे कापड ज्या बोळांतून जाते, तेथे चार प्रसाधनगृहे आणि दहा बाके होऊ नयेत, इतकी या शहराची ऐपत कमी नाही. ती व्हावीत, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

आता पैठणीविषयी. २०१७ साली माझ्या पुतणीच्या लग्नासाठी आम्ही मुंबई उपनगरातील एका मोठ्या, दिव्यांनी लखलखणाऱ्या दुकानातून हातमागाची म्हणून एक पैठणी घेतली. नारळी काठ, पदरावर मोरांची नक्षी, खोक्यावर सोनेरी अक्षरे, सारे काही होते. गावी आल्यावर आत्याबाईंनी ती मांडीवर घेतली, पदर उलटा केला, आणि एक शब्दही न बोलता माझ्यापुढे धरला. मोरांच्या पाठीमागे तुटक्या धाग्यांचे झुपके लोंबत होते. हातमागाच्या खऱ्या पैठणीची नक्षी धाग्यात धागा गुंफून विणलेली असते, त्यामुळे तिची उलट बाजू सुलट बाजूसारखीच स्वच्छ दिसते, आणि यंत्रावरच्या नकलेत मात्र मागचे मोकळे धागे कापावे लागतात. ही साधी ओळख मला ठाऊक नव्हती. दुकानास फोन केला, तर विकलेला माल परत घेतला जात नाही असे पावतीवर छापले आहे, तेवढेच उत्तर मिळाले. दाद मागावी म्हटले, तर त्या वेळच्या कायद्याप्रमाणे फिर्याद मुंबईकडेच करावी लागत होती, आणि एका साडीपायी तारखांना मुंबईच्या खेपा घालणे आमच्या ऐपतीत नव्हते. पुतणी तीच पैठणी नेसून बोहल्यावर चढली. ती काही बोलली नाही, परंतु पदर सावरताना त्याची उलट बाजू दिसू नये म्हणून ती जपत होती, हे माझ्या लक्षात आले, आणि ते अजून मनातून जात नाही.

तेव्हापासून पैठणी घ्यायची असेल तर मुंबईच्या वाटेवर येवल्यास उतरा आणि विणकराच्या माग असलेल्या घरी बसून घ्या, किंवा सरळ पैठणास जा, असे मी सांगत आलो आहे. पण मुंबईसच घेणार असाल, अथवा तेथून काहीही आणणार असाल, तर पक्की पावती घेतल्याखेरीज दुकानाची पायरी उतरू नका, आणि माल हातमागाचा असेल तर ‘हातमाग’ हा शब्द, शुद्ध रेशीम असेल तर ‘शुद्ध रेशीम’ हे शब्द त्या पावतीवर लिहून मागा. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला असून, त्याप्रमाणे पावती न देणे आणि सदोष माल पावतीत लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे, या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. त्याहून महत्त्वाचा बदल असा की, ग्राहक जेथे राहतो तेथेच त्याला आता तक्रार करता येते. खरेदी मुंबईची असली तरी सुलतानपूरच्या माणसाची तक्रार बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस त्यासाठी शुल्क नाही, वकील द्यावाच लागतो असेही नाही, आणि तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. तेवढे दिवस ती पावती देव्हाऱ्यातल्या डब्यात जपून ठेवा.