मशेरी भाजली की विष जळते का?

मागच्या आठवड्यात एका भगिनीचे पत्र आले. ती लिहिते, "सासूबाई, जाऊबाई आणि मी, आम्ही तिघीही सकाळी मशेरी लावतो. तंबाखू आम्ही खात नाही. मशेरी तर तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली असते. तिच्यातले विष जळून जात असेल ना? माझ्या मुलीची दाढ किडली आहे, रात्रभर रडते. तिलाही थोडी लावू का?"

ताई, आधी उत्तर सांगते. मुलीला लावू नका. आता कारण ऐका.

तंबाखूचे पान शेतात हिरवे असते, तेव्हा त्यात हे विष अगदी थोडे असते. पान तोडून वाळवले, ढीग लावून मुरवले की खरा खेळ सुरू होतो. पानातल्या नायट्रेटचे सूक्ष्म जंतू नायट्राइट करतात. त्याचा निकोटीनशी आणि निकोटीनच्या भाऊबंदांशी संयोग होऊन नायट्रोसामाइन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांतली दोन सर्वांत वाईट: एनएनके आणि एनएनएन. पिकाला नत्र खत जास्त पडले, तर पानात नायट्रेटही वाढते आणि या द्रव्यांना अधिकच वाव मिळतो.

शुद्ध एनएनके हे फिकट पिवळसर स्फटिक असतात. पण तंबाखूत ते इतके थोडे असते की डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेला कळत नाही. म्हणून "मला तर काहीच होत नाही" असे वाटते. पोटात गेल्यावर शरीर त्याची मोडतोड करते आणि त्या तुकड्यांतले काही पेशीच्या गाभ्याला जाऊन चिकटतात. बियाण्यातच बिघाड झाला की पुढचे सगळे पीक बिघडते ना? तसेच हे. बिघडलेली पेशी वर्षानुवर्षे गप्प राहते आणि मग एखाद्या दिवशी गाठ किंवा जखम होऊन वर येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात ही दोन्ही द्रव्ये माणसाला कॅन्सर करणारी म्हणून नोंदली आहेत.

मग तव्यावर ती जळत का नाहीत? भाजलेल्या मशेरीतही ती सापडली आहेत. उलट भाजताना धुरातली बेन्झोपायरीनसारखी आणखी घातक द्रव्ये त्यात उतरतात. म्हणजे मशेरी ही तंबाखूच, फक्त काळी केलेली. नवरा चुना लावून चिमूट दाढेखाली धरतो, तेही तेच. चुन्याने निकोटीन रक्तात लवकर उतरते, इतकाच फरक.

दाढ दुखायची थांबते ती निकोटीनच्या बधिरपणाने. आतली कीड मात्र वाढतच राहते. सकाळी मशेरीशिवाय पोट साफ होत नाही, डोके दुखते, ही गरज नव्हे, सवयीची ओढ आहे. गरोदरपणी मशेरी लावली तर बाळाचे वजन कमी भरते, हेही लक्षात ठेवा.

सोडायची कशी? तिघींनी एकच दिवस ठरवा आणि डबी घरातून काढून टाका. पहिले काही दिवस चिडचिड होईल, डोके जड राहील, मग उतरत जाईल. हाताला चाळा हवा तर बडीशेप ठेवा, पण सुपारी नको, कारण सुपारीनेही तोंडाचा कॅन्सर होतो. दात घासायला साधा ब्रश किंवा कडुनिंबाची काडी पुरे. सल्ल्यासाठी 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्याचा सरकारी मोफत क्रमांक आहे.

महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरून घरातल्या सगळ्यांनी तोंड उघडून पाहा. गालाच्या आत, जिभेखाली, हिरडीवर पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा. लवकर सापडलेला तोंडाचा कॅन्सर बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते.

आणि ताई, मुलीला उद्याच दातांच्या डॉक्टरकडे घेऊन जा. तिच्या हातात डबी जाऊ नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.