सायकलची चेन : तेल घालावे की मेण?

सायकलची चेन कुरकुरू लागली म्हणजे आपण काय करतो? घरात हाताला येईल ते तेल उचलतो आणि चेनवर ओततो. कोणी शिलाई मशीनचे, कोणी खोबरेल, तर कोणी पंपाच्या इंजिनातून काढलेले काळे तेल. आवाज तेवढ्यापुरता थांबतो, आणि आठ दिवसांत चेनवर काळा लगदा बसतो. पायजम्याला नाही तर साडीला त्याचा डाग लागला की मग घरात बोलणी खावी लागतात, ती वेगळीच!

आता सायकलच्या दुकानांत मेणाचे वंगण मिळते. लहान बाटली, आत दुधासारखे पातळ द्रव. बाटली तेलापेक्षा महाग असते. ती आपल्या कामाच्या सायकलीला परवडते काय, हे पाहू. उदाहरणाला मीरा-भाईंदरचा समुद्राकडचा भाग घेऊ, कारण चेनचे सगळे वैरी तिथे एकत्र नांदतात.

भाईंदर म्हटले की हल्ली उंच इमारती आठवतात. पण स्टेशनच्या पश्चिमेला राई, मुर्धे, मोर्वे ओलांडून उत्तन, पाली, डोंगरीकडे निघालात तर एका बाजूला खाडी आणि मिठागरांच्या जमिनी, पुढे कोळीवाडे आणि बोंबील वाळवायच्या वलांडी लागतात. हवा बारमाही खारी. उन्हाळ्यात धूळ, चार महिने धो धो पाऊस, आणि कॅरिअरवर मासळीची टोपली असली तर तिच्यातून गळणारे खारट पाणी. मीठ नुसते गंजवते असे नाही. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की कोरडे मीठदेखील पाणी ओढून ओले होते. म्हणजे पाऊस नसतानाही खारावलेली चेन रात्रभर ओलीच राहते.

चेन झिजते कुठे, हे आधी समजून घ्या. वरून दिसते तिथे ती फारशी झिजत नाही. प्रत्येक कडीत एक पिन असते, पिनेभोवती बारीक नळी, तिला बुश म्हणतात, आणि बुशवर फिरणारा रोलर. ही रचना हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली इंग्लंडात मँचेस्टरला काढली, आणि आपल्या सायकलीला आजही तीच आहे. झीज होते ती पिन आणि बुश यांच्या आत. वंगण हवे तेही तिथेच. बाहेरून चोपडलेले तेल आत थोडे जाते, बाकीचे धूळ गोळा करते. तेल आणि बारीक रेती यांचे मिश्रण म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची पेस्टच! काळे इंजिन तेल तर मुळातच काजळी आणि लोखंडाचा कीस घेऊन येते. ते चेनला घालूच नये. खोबरेल काही दिवसांनी चिकट होते, तेही नको.

मेणाचे वंगण म्हणजे पाण्यात किंवा उडून जाणाऱ्या द्रवात मिसळलेले मेण. थेंब कडीत शिरतो, द्रव उडून जाते आणि आत मेणाचा कोरडा थर उरतो. हाताला चिकटत नाही, म्हणून धूळ फारशी धरत नाही. पण त्याची एक खोड आहे. दाबाने बाजूला सरलेले तेल पुन्हा जागेवर ओघळते, मेण तसे येत नाही. सरले ते सरले. शिवाय तेल लोखंडाला जसे धरून राहते तसे मेण राहत नाही. पाणी त्याच्या आड शिरते, आणि भिजलेली चेन एका रात्रीत तांबूस होते.

तेव्हा माझे मत असे : चेन उघडी असेल आणि रस्ता धुळीचा असेल तर दसऱ्यापासून मृगापर्यंत मेण घालावे, आणि मृगाच्या सरी सुरू झाल्या की सरळ तेलावर यावे. पूर्ण बंद चेनकव्हर असलेल्या जुन्या काळ्या सायकलीला बारा महिने तेलच बरे. तिथे धूळ पोचत नाही, मग जास्तीचे पैसे कशाला घालवा?

मेण घालायचे तर चेन आधी लख्ख धुवायला हवी. इथेच बहुतेक जण कंटाळा करतात. तेलकट चेनवर मेण धरत नाही, नुसता लगदा होतो. चेनलॉक काढून चेन उतरवा. घरी रॉकेल असेल तर त्यात, नसेल तर रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या टर्पेंटाइनमध्ये बुडवून जुन्या दातांच्या ब्रशने घासा. हे काम अंगणात करावे, चूल आणि बिडी दूर ठेवून. मग भांड्याच्या साबणाने गरम पाण्यात धुवा. पाणी गोडे हवे, विहीर मचूळ असेल तर नळाचे घ्या. उन्हात खडखडीत वाळू द्या. फ्रीव्हील चिंधीनेच पुसा, त्यात रॉकेल ओतू नका, आतले वंगण धुऊन जाते. चेन परत चढवताना चेनलॉकच्या क्लिपचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते तिकडे ठेवा. उलटे बसले तर क्लिप निसटू शकते.

आता सायकल स्टँडवर लावा, बाटली हलवा आणि पायडल उलटे हळूहळू फिरवत प्रत्येक रोलरवर एक थेंब टाका. पाच-सहा फेरे फिरवून बाहेरचे चिंधीने पुसून घ्या. लहान मुलांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नका, चेन आणि चक्रात बोट गेले तर मोठी इजा होते. रिमवर आणि ब्रेकच्या रबरावर थेंब उडता कामा नये. हे सगळे संध्याकाळी करून रात्रभर सुकू द्यावे. लगेच सायकल काढली तर थेंब वाया गेला म्हणून समजा. पहिल्या वेळी दुसऱ्या दिवशी आणखी एक हात द्यावा.

खर्चाचा हिशेब करा. साध्या सायकलीच्या चेनला ११० च्या आसपास कड्या असतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर एका वेळी साडेपाच मिलिलिटर लागते, म्हणजे १२० मिलिलिटरची बाटली वीसेक वेळा पुरते. रोज पंधरा किलोमीटर दूध किंवा भाजी पोचवणाऱ्याला पंधरवड्याला एकदा घातले तरी कोरडे आठ महिने एका बाटलीत निघतात. मध्येच चेन कुईकुई करू लागली तर पंधरवड्याची वाट पाहू नका. अवकाळी पावसात भिजली किंवा मासळीचे पाणी पडले, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, वाळवून पुन्हा मेण द्या.

आणि चेन वर्षातून दोनदा मोजा. स्टीलची फूटपट्टी घ्या. एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या चोविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत नव्या चेनचे अंतर बरोबर बारा इंच भरते. ते एक षोडशांश इंचाने वाढले तर नव्या चेनची तजवीज करावी. अष्टमांश इंचाने वाढले तर एव्हाना फ्रीव्हीलचे दातही झिजलेले असतात आणि दोन्ही बदलावी लागतात. अशी चेन चढावर दगा देते. डोंगरीकडच्या चढाला दुधाच्या किटल्या लावून, पायडलवर उभे राहून जोर केला आणि चेन दातावरून उडाली, तर माणूस पुढच्या हँडलवर आदळतो, मागून गाडी असली तर विचारूच नका. नवी चेन आणलीत तर तिच्यावर कारखान्याचे ग्रीस असते. पावसाळ्याच्या तोंडावर बसवत असाल तर ते तसेच राहू द्या, दसऱ्यानंतर बसवत असाल तर ते धुऊन मगच मेण घाला.